ठेव पावतीवरचे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पूर्ण मराठीत छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवरा-बायकोच्या बचत खात्याच्या पासबुकावर, आईने मुलाचे नाव लावलेल्या ठेव पावतीवर, भावाभावांच्या लॉकरच्या करारावर तीन इंग्रजी शब्द असतात: ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. कुठे जागा वाचवायला नुसतेच ‘ई ऑर एस’. ज्यांच्यासाठी हे शब्द छापले जातात त्यांपैकी बहुतेकांनी ते वाक्य म्हणून कधी वाचलेलेच नसतात. खाते उघडताना काउंटरवरून ‘इथे टिक करा, इथे सही करा’ एवढेच सांगितले जाते. अर्थ विचारायची वेळ येते ती घरातले कोणी गेल्यावर, आणि तोवर दुरुस्तीची संधी निघून गेलेली असते. बँकेच्या कामात उमेदीची वर्षे घालवलेले आम्ही काही निवृत्त कर्मचारी या तीन शब्दांविषयी हे पत्र लिहीत आहोत. थोडे लांबले आहे, पण तोडून छापले तर अर्धवट माहितीने नुकसानच व्हायचे. म्हणून शक्यतो पूर्ण छापावे, ही विनंती.

आधी शब्द नीट वाचू. शाळेत आपण ‘आयदर... ऑर...’ ही जोडी शिकतो. ‘आयदर टी ऑर कॉफी’, म्हणजे चहा नाहीतर कॉफी, दोन्हींतले एकच काहीतरी. त्याच सवयीने इथे वाचले की ‘आयदर’ची गाठ ‘ऑर सर्व्हायव्हर’शी बसते आणि हाती काहीच लागत नाही. इथला ‘आयदर’ कुणाशी जोडलेला नाही. तो सर्वनाम आहे, ‘आम्हा दोघांपैकी कोणीही एक’. पूर्ण वाक्य ‘पेएबल टू आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असे आहे. पैकी ‘पेएबल टू’, म्हणजे ‘रक्कम यांना द्यावी’, हा भाग पासबुकावर छापला जात नाही आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. मधला ‘ऑर’ दोन काळ जोडतो. दोघे हयात आहेत तोवर दोघांपैकी कोणीही. एक गेला की जो मागे राहील तो. ‘आयदर’ आणि ‘सर्व्हायव्हर’ ही दोन वेगळी माणसेही नव्हेत. आज जो ‘आयदर’ आहे तोच उद्या ‘सर्व्हायव्हर’ होतो.

‘आयदर’ हा शब्द इंग्रजीत दोघांपुरताच चालतो. खात्यात तीन नावे असतील तर ‘एनीवन ऑर सर्व्हायव्हर्स’, म्हणजे ‘कोणीही एक किंवा मागे राहिलेले सर्व’, असा पर्याय निवडावा लागतो. तीन नावे लिहून ‘आयदर’वर टिक केलेला फॉर्म बँक परत करते, किंवा त्याहून वाईट म्हणजे तसाच स्वीकारते आणि पुढे तिघांपैकी एक गेला की उरलेल्या दोघांनी मिळून सही करायची की एकट्याची चालेल, हा वाद उभा राहतो.

हे शब्द मुळात का लागतात? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४५ प्रमाणे दोघांना मिळून काही येणे असेल आणि त्यातला एक मरण पावला, तर त्याची जागा त्याचे कायदेशीर प्रतिनिधी घेतात आणि येणे मागे राहिलेला व ते प्रतिनिधी यांचे मिळून होते. याचा सरळ परिणाम असा की दोन नावांच्या खात्यावर काहीच सूचना नसेल तर नवरा गेल्यावर बायकोला एकटीला पैसे मिळत नाहीत, सगळे वारस सोबत लागतात. ‘करार वेगळे सांगत नसेल तर’ अशी सूट त्याच कलमात आहे. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ हे ते वेगळे सांगणे. मागे राहिलेल्याला पैसे दिले की आपली जबाबदारी संपली, असे बँकेला म्हणता यावे यासाठी घातलेली ही सोय आहे.

सोय आहे, मालकी नाही. हे बँकेच्या पायरीपासून न्यायालयापर्यंत पुन्हा पुन्हा सांगावे लागते. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९२८ साली गुरन दित्ता विरुद्ध राम दित्ता या खटल्यात नेमका हाच प्रश्न सोडवला. नवऱ्याने स्वतःचा पैसा स्वतःच्या आणि बायकोच्या नावाने ठेवला होता आणि पावतीवर हेच शब्द होते. निकाल असा लागला की एवढ्या शब्दांवरून त्याने तो पैसा बायकोला बक्षीस दिला, असे भारतात धरता येत नाही. इंग्लंडमध्ये बायकोच्या नावे पैसे ठेवले की ते तिला दिले असे गृहीत धरण्याची रीत होती. ती इथे लागू नाही, असेही त्यांनी सांगितले. निकालाला जवळजवळ शंभर वर्षे झाली, तरी ‘माझे नाव आहे, म्हणजे अर्धे माझे’ आणि ‘ते गेले, म्हणजे सगळे माझे’ ही दोन वाक्ये काउंटरवर ऐकू येतातच.

रिझर्व्ह बँकेने ९ जून २००५ रोजी मृत ठेवीदारांच्या रकमा देण्याविषयी बँकांना दिलेल्या सूचनांतही हाच सूर आहे. खात्यावर ‘सर्व्हायव्हर’ची सूचना असेल तर रक्कम कितीही असो, हयात खातेदाराकडे वारसा प्रमाणपत्र, प्रोबेट (मृत्युपत्र खरे ठरवणारा न्यायालयाचा दाखला), हमीपत्र किंवा जामीनदार मागायचे नाहीत. अटी तीन. मृत्यूचा दाखला आणि पैसे घेणाऱ्याची ओळख यांची कागदपत्रांवरून खात्री करून घ्यावी. पैसे देण्यास मनाई करणारा न्यायालयाचा आदेश बँकेकडे आलेला नसावा. आणि घेणाऱ्याला स्पष्ट सांगावे की तो ही रक्कम मृताच्या वारसांचा विश्वस्त म्हणून घेत आहे, वारसांचा त्याच्यावरचा हक्क या देण्याने बुडत नाही. तिसरी अट ऐकवली जातेच असे नाही. ती न ऐकलेली सून किंवा भाऊ पैसे खर्च करून बसतो आणि दोन वर्षांनी बाकीच्यांची नोटीस आली की बँकेवर चिडतो. बँकेने नियमाने दिले, त्याने नियमाने घेतले, तरी हिशेब द्यायचा राहिलेलाच असतो.

गोव्यातल्या वाचकांसाठी एवढे जोडतो. तिथे वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, म्हणून मागे राहिलेल्याचा निम्मा हिस्सा मुळातच त्याचा असतो. तो त्याला देतो तिथला कायदा. पासबुकावर हे तीन शब्द असले काय, नसले काय, त्यात फरक पडत नाही.

आता शेजारचे शब्द. फॉर्मवर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’च्या खालीच ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असते. आपल्याला ‘फॉर्मर’ माहीत आहे तो ‘फॉर्मर मिनिस्टर’मधला, म्हणजे माजी. खातेदार ‘माजी’ कसा असेल, असा विचार करून लोक तो पर्याय सोडून देतात. इथे ‘फॉर्मर’ म्हणजे पहिला, ज्याचे नाव आधी लिहिले तो. पहिला हयात आहे तोवर व्यवहार फक्त त्याचा. दुसऱ्याला चेकवर सही करता येत नाही. पहिल्याच्या मृत्यूनंतरच दुसऱ्याचा हात पोचतो. म्हणून नावांचा क्रम इथे नुसता मानाचा नाही. क्रम उलटा लिहिला की हक्कही उलटे होतात.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘जॉइंटली’. दोन नावांचे कोणतेही खाते बोलीत ‘जॉइंट अकाउंट’च असते. त्यामुळे ‘आमचं जॉइंट आहे’ म्हणत लोक भाबडेपणाने ‘जॉइंटली’वर टिक करतात. पण तो शब्द खात्याचा प्रकार सांगत नाही, खाते कसे चालवायचे ते सांगतो. प्रत्येक चेकवर, प्रत्येक पैसे काढण्याच्या स्लिपवर दोघांच्याही सह्या. एकाचीच सही असलेला चेक परत जातो. अशा खात्यांना एटीएम कार्डही सहसा देत नाहीत. आणि एक गेला की ‘सर्व्हायव्हर’ शब्द नसल्यामुळे कलम ४५ पुन्हा लागू होते: मागे राहिलेला आणि मृताचे सगळे वारस यांनी मिळूनच दावा करायचा. दोघांच्याही सह्या हव्यात पण पुढची अडचण नको, अशांसाठी ‘जॉइंटली ऑर सर्व्हायव्हर’ हा पर्याय असतो. तो फॉर्मवर छापलेला नसेल तर ‘इतर’च्या ओळीत हाताने लिहून, त्याशेजारी दोघांनी सह्या कराव्यात.

बचत खात्यावर चूक झाली तरी निभावते. मुदत ठेवीत निभावत नाही, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

एक पावती डोळ्यांसमोर आणा. पाच लाख रुपये, तीन वर्षे, पहिले नाव नवऱ्याचे, दुसरे बायकोचे, खाली ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. मुदत संपली त्या दिवशी दोघेही असतील तर कोणीही एक जाऊन रक्कम घेऊ शकतो. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. पण दुसऱ्याच वर्षी घरात दवाखाना निघाला आणि पावती मोडायची वेळ आली, तर सर्वसाधारण नियमाने दोघांच्याही सह्या लागतात. कारण ठेव हा ठरावीक मुदतीचा करार आहे आणि ‘कोणालाही एकाला द्यावे’ ही सूचना मुदत संपल्यानंतरच्या देण्याबाबत आहे. मुदतीआधी मोडणे म्हणजे करारच बदलणे, आणि तो ज्या दोघांनी केला त्या दोघांनीच बदलायचा. पावतीवर कर्ज काढायचे असले तरी दोघांच्या सह्या लागतात, त्याचे कारणही हेच. बायको एकटी पावती घेऊन आली, नवरा अतिदक्षता विभागात, आणि काउंटरवर ‘साहेबांची सही आणा’ म्हणतात, तो हा प्रसंग. कर्मचारी अडवणूक करत नसतो, पण त्या बाईला तसे वाटल्यावाचून राहत नाही.

आता त्याच पावतीवर चौदाव्या महिन्यात नवरा गेला असे धरू. बायको ‘सर्व्हायव्हर’ झाली. मुदत संपल्यावर ती एकटी रक्कम घेईल, त्यात प्रश्न नाही. पण रुग्णालयाची बिले आत्ता भागवायची आहेत. मुदतीआधी मोडायला मृताच्या वारसांची संमती लागते. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गातल्या वारसांत विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई येते. आई नेमकी विसरली जाते. पुण्यातला मुलगा सही करतो, परदेशातली मुलगी कागद पाठवते, अर्ज आत जातो, आणि मग विचारणा होते की सासूबाई आहेत का? गावी असलेल्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या सासूबाईंचा अंगठा आणि त्यावर साक्षीदार यांत आणखी काही आठवडे जातात.

हे सगळे एका ओळीने टळते. रिझर्व्ह बँकेने १६ ऑगस्ट २०१२ च्या परिपत्रकात सांगितले आहे की ठेवीदारांनी मिळून तशी लेखी सूचना दिलेली असेल तर एकाच्या मृत्यूनंतर हयात ठेवीदाराला, बाकीच्या वारसांची संमती न घेता, मुदतीआधी ठेव मोडू द्यावी. ही सूचना ठेव ठेवताना देता येते, नंतर मुदत चालू असतानाही देता येते. मात्र दोघांच्याही सह्यांनी, म्हणजे अर्थात दोघेही हयात असतानाच. अशा वेळी मुदतीआधी मोडल्याचा दंड आकारायचा नसतो. बँकांनी हा पर्याय फॉर्ममध्येच घालावा आणि ठेवीदारांना त्याची माहिती द्यावी, असेही तिथे म्हटले आहे. फॉर्ममध्ये तो असतोही, पण शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, इंग्रजीत, आणि पुढचा चौकोन रिकामा. ठेव आपोआप नूतनीकरण होत असेल तर नव्या पावतीच्या नोंदीत ही सूचना उतरली का, तेही विचारून घ्यावे.

यावर कोणी म्हणेल, नॉमिनी लावला आहे की. नॉमिनी आणि सर्व्हायव्हर यांची गल्लत घरोघरी आहे. दोन नावांच्या खात्यावर नॉमिनीचा हक्क उभा राहतो तो दोघेही गेल्यानंतर. वडील गेले, आई हयात आहे, मुलगा नॉमिनी आहे. तो नॉमिनेशनची पोच घेऊन आला तरी बँक त्याला काही देऊ शकत नाही. आई आहे तोवर पैसे आईला. आणि उद्या दोघांचा एकाच अपघातात अंत झाला तर ‘सर्व्हायव्हर’ उरत नाही, तेव्हा फक्त नॉमिनेशनच उपयोगी पडते. म्हणून दोन्ही हवे. नॉमिनीही मालक होत नाही, तोही वारसांच्या वतीने घेणारा. बँक ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केले आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींवर चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. एकाच वेळी चौघे, पण मग टक्केवारीची बेरीज बरोबर शंभर आली पाहिजे. किंवा एकापाठोपाठ एक, म्हणजे पहिला नसेल तर दुसरा. लॉकरला मात्र एकापाठोपाठ एक हीच पद्धत चालते. दोन नावांच्या खात्यावर नॉमिनी लावणे, बदलणे, काढणे याला सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात, खाते ‘आयदर’चे असले तरी. त्या शब्दाचे बळ पैसे काढण्यापुरतेच आहे.

खातेदार गेल्यानंतर मागे राहिलेल्याने काय करायचे तेही सांगतो. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा मृत्यू दाखला, स्वतःचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, पासबुक किंवा पावती आणि नाव कमी करण्याचा अर्ज एवढे पुरते. दाखल्याची मूळ प्रत दाखवून परत आणावी, झेरॉक्स द्यावी. त्याच दिवशी नव्या नॉमिनीचा अर्ज भरावा. नाव कमी झाल्यावर खाते एका नावाचे उरते आणि पहिल्यापेक्षा जास्त उघडे पडते. मृताच्या कार्डाने किंवा मोबाइलवरून व्यवहार चालू ठेवणे, हे घरच्यांनी कितीही चांगल्या हेतूने केले तरी करू नये. वारसांत पुढे वाद झाला तर पहिले बोट त्याच नोंदीवर ठेवले जाते. कागद पुरे असतील तर बँकेने १५ दिवसांत रक्कम द्यायची आहे. सप्टेंबर २०२५ च्या नव्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने उशिराला किंमतही लावली आहे: उशीर बँकेमुळे झाला तर त्या काळासाठी रिझर्व्ह बँक जाहीर करते तो ‘बँक दर’ अधिक चार टक्के अशा किमान दराने व्याज, आणि लॉकरच्या बाबतीत दिवसाला पाच हजार रुपये. नॉमिनी नाही आणि सर्व्हायव्हरही नाही, अशा खात्यांसाठी व्यापारी बँकांत किमान १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत किमान ५ लाखांपर्यंतच्या दाव्यांना सोपी पद्धत त्याच निर्देशांत आहे. दावा दिल्याची तारखेची पोच मात्र घ्यायलाच हवी, पंधरा दिवस मोजणार ते त्या तारखेपासून.

केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनाचे खाते जोडीदारासोबत ‘आयदर’ किंवा ‘फॉर्मर’ कोणत्याही पद्धतीने ठेवता येते आणि कुटुंब निवृत्तिवेतन पुढे त्याच खात्यात येऊ शकते. म्हणून घाईने ते खाते बंद करू नये. मृत्यूनंतर जास्तीची जमा झालेली पेन्शन परत करावी लागते, तेवढी शिल्लक ठेवावी.

आमची खरी काळजी आणखी एका ठिकाणी आहे. एकट्या राहिलेल्या आईवडिलांच्या खात्याला ‘सोयीसाठी’ मुलाचे, सुनेचे, भाच्याचे नाव लावले जाते आणि टिक होते ती ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’वर, कारण तोच पहिला चौकोन असतो. त्या क्षणापासून दुसऱ्या खातेदाराला बचत खात्यातले सगळे पैसे एकट्याच्या सहीने काढता येतात. आजपासून, आई हयात असताना. बँक त्याला विचारू शकत नाही. आईच्या मनात ‘माझ्या माघारी त्याला त्रास नको’ एवढेच असते. ते मनात असेल तर तिच्यासाठी शब्द आहे ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’, आणि पहिले नाव आईचे.

त्यावर लगेच विचारले जाते, आई अंथरुणाला खिळली तर? त्यासाठीही नियम आहे. आजारी, वृद्ध किंवा सही करू न शकणाऱ्या खातेदाराचा हाताचा किंवा पायाचा अंगठा घेऊन पैसे देता येतात. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पैसे प्रत्यक्ष कोणी न्यायचे हे खातेदार सांगू शकतो आणि त्या व्यक्तीचीही ओळख दोन साक्षीदारांनी पटवायची असते. शाखेला हे माहीत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या या सूचनेकडे बोट दाखवावे. एवढ्यासाठी सगळे खाते दुसऱ्याच्या हाती देण्याची गरज नाही.

आणि नाव लावून झाले आहे, आता मन साशंक आहे, तर? ‘आयदर’ची सूचना दोघांनी मिळून दिलेली असली तरी ती थांबवायला एकाचे लेखी पत्र पुरते. असे पत्र आले की बँक त्या खात्यावर पुढे दोघांच्याही सह्यांशिवाय पैसे देत नाही. पत्रावर खाते क्रमांक, तारीख आणि वेळ टाकावी, पोच घ्यावी. पुन्हा ‘आयदर’ करायचे तर मात्र दोघांच्या सह्या हव्यात. उलट बाजूने, चेकवर ज्याची सही तोच त्या चेकला जबाबदार. ‘आयदर’च्या खात्यावर एकाने दिलेला चेक वटला नाही, तर सही न करणाऱ्या दुसऱ्या खातेदारावर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ चा खटला चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे. मुलाच्या चेकपायी आईला समन्स आले असेल तर हा मुद्दा वकिलाला आवर्जून सांगावा.

परदेशात असलेल्या मराठी मुलामुलींसाठी दोन ओळी. त्यांच्या एनआरई (परदेशातली कमाई ठेवायच्या अनिवासी) खात्यात भारतात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाचे नाव लावायचे तर ते ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीनेच लावता येते. तिकडचा मुलगा हयात असेपर्यंत इथले आईवडील कुलमुखत्यार म्हणूनच व्यवहार करू शकतात. उलट, इथल्या आईवडिलांच्या साध्या बचत खात्यात परदेशातल्या मुलाचे नाव ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणून लावायला २०१४ पासून परवानगी आहे. दोन्ही खात्यांना एकच फॉर्म समजून भरला की तो हमखास परत येतो.

टपाल खात्यात हीच गोष्ट ‘जॉइंट ए’ आणि ‘जॉइंट बी’ अशा नावांनी चालते. ‘ए’ म्हणजे दोघांच्या सह्या किंवा हयात असलेला. ‘बी’ म्हणजे आपला ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. ए आणि बी या अक्षरांतून काहीच कळत नाही, पण निदान चुकीचे तरी काही कळत नाही. पतसंस्थांची गोष्ट वेगळी. त्या रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाहीत, तेव्हा वर सांगितलेले पंधरा दिवस आणि व्याज तिथे मागता येणार नाही. त्यांचे उपविधी काय म्हणतात ते ठेव ठेवण्याआधी लेखी विचारावे.

आता मागणी. फॉर्मवर मराठी नसते असे नाही. ‘कोणीही एक किंवा उत्तरजीवी’ असे छापलेले असते. पण ‘उत्तरजीवी’ हा शब्द कोणत्या मराठी घरात बोलला जातो? ‘सर्व्हायव्हर’ न कळणाऱ्याला ‘उत्तरजीवी’ही कळत नाही. आपल्याकडे ‘पश्चात’, ‘माघारी’, ‘हयात’ असे रोजचे शब्द पडलेले आहेत, ते वापरावेत. फॉर्मवर, पासबुकावर आणि ठेव पावतीवर तीन इंग्रजी शब्दांच्या शेजारी पूर्ण वाक्य छापावे: ‘दोघे हयात असेपर्यंत दोघांपैकी कोणाही एकाच्या सहीने, एकाच्या पश्चात हयात असलेल्या खातेदाराला, मृताच्या वारसांचा विश्वस्त म्हणून.’ दुसऱ्या पर्यायासमोर: ‘पहिले नाव असलेला हयात असेपर्यंत फक्त त्याच्या सहीने, त्याच्या पश्चात दुसऱ्याला.’ ‘जॉइंटली’समोर: ‘प्रत्येक वेळी दोघांच्याही सह्या, एकाच्या पश्चात हयात खातेदार आणि मृताचे सर्व वारस मिळून.’ आणि मुदत ठेवीच्या फॉर्मवर, शेवटच्या पानावर नव्हे तर रकमेच्या आणि मुदतीच्या लगेच खाली: ‘आमच्यापैकी एकाचा मृत्यू झाल्यास हयात ठेवीदाराला मुदतीपूर्वी ही ठेव मोडू द्यावी. होय / नाही.’ पुढे दोन सह्यांची जागा.

या चार वाक्यांना रिझर्व्ह बँकेच्या नव्या परवानगीची गरज नाही. जे नियम आहेत तेच ती सांगतात. राज्यातल्या सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँका स्वतःचे फॉर्म स्वतः छापतात. पुढची छपाई होईल तेव्हा त्यांनी ही वाक्ये घालावीत. तोपर्यंत ज्यांच्याकडे दोन नावांची ठेव पावती आहे त्यांनी दोघांनी मिळून शाखेत जावे, साध्या कागदावर ठेव क्रमांक टाकून ते शेवटचे वाक्य लिहावे, दोघांच्या सह्या कराव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेऊन ती प्रत पावतीला टाचून ठेवावी.

कळावे,
काही निवृत्त बँक कर्मचारी, सातारा